दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



सचिवसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय मात्र साडेतेरा तासांचा आहे, तेव्हा थोडं इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या. मी काही वक्ता नाही. पंचवीस वर्षांत या गच्चीवर मी हळदीकुंकू केलं, पापड वाळवले, कोजागरीचं दूध आटवलं. माईक हातात धरायची ही पहिलीच वेळ.

गेल्या डिसेंबरात मी एका दिवसात दोनशे किलोमीटर सायकल चालवली. नागपूर, बुटीबोरी, केळझर, सेलू, हिंगणी, बोर धरण, परत सेलू, मग पवनार, वर्धा, सेवाग्राम आणि परत नागपूर. ही बातमी आपल्या वॉचमनदादांनी सकाळच्या दुधाबरोबर घरोघरी पोहोचवली. तेव्हापासून लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीवर, सगळीकडे मला एकच प्रश्न विचारला जातो : "काकू, कितवा नंबर आला?"

तर आधी त्याचं उत्तर देऊन टाकते. नंबर आला नाही, कारण त्यात नंबर नसतोच. या प्रकाराला 'ब्रेव्हे' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. ही दूर अंतराची सायकलस्वारी असते आणि ती ठरलेल्या वेळेत पुरी करायची असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस तास, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. त्या वेळेत जो पोहोचला तो पास. सात तासांत आला तोही पास आणि साडेतेराला पाच मिनिटं कमी असताना आला तोही पास. निकालाची यादी लागते ती आडनावांच्या क्रमाने. आमच्या यादीत माझ्या वरचं नाव ज्याचं होतं तो मुलगा माझ्यापेक्षा साडेचार तास आधी घरी जाऊन जेवून झोपलाही असेल. पण यादीत आम्ही शेजारी शेजारी.

ही पद्धत जुनी आहे. १८९७ साली इटलीत काही सायकलस्वार रोमहून नेपल्सला, सुमारे २३० किलोमीटर, दिवसाउजेडी पोहोचले. त्यांना 'ऑडॅक्स' म्हणू लागले. हा लॅटिन शब्द, अर्थ धाडसी. पुढे १९०४ मध्ये पॅरिसला 'ऑडॅक्स क्लब पॅरिसियन' निघाला. जगभरच्या ब्रेव्हेंना आजही हाच क्लब मान्यता देतो. आपल्या देशात हे काम 'ऑडॅक्स इंडिया रॅन्डोनर्स' पाहते आणि त्यामागे पुण्याच्या दिव्या ताटे यांचे मोठे कष्ट आहेत. या सगळ्या ब्रेव्हेंची पंढरी म्हणजे पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस. बाराशे किलोमीटर, नव्वद तास, दर चार वर्षांनी. १८९१ साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा ती खरीखुरी शर्यत होती. आता तिथंही नंबर नसतो.

आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांनी यापेक्षा कितीतरी मोठ्या मजला मारल्या आहेत. अमेरिकेत 'रेस अक्रॉस अमेरिका' नावाची शर्यत होते, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, जवळजवळ ४८०० किलोमीटर. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांची टीम म्हणून ती पुरी केली. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने बारा दिवसांच्या आत केली आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे नऊ हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. पुण्याची वेदांगी कुलकर्णी तर २०१८ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. सुमारे २९ हजार किलोमीटर, १५९ दिवस. वाटेत कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चोरांनी लुटलं, तरी पोरगी थांबली नाही. त्यांच्यापुढे माझे दोनशे किलोमीटर म्हणजे कोपऱ्यावरून कोथिंबीर आणणं. पण त्यांच्या गोष्टी तुम्ही पेपरात वाचल्या आहेत. माझी यासाठी सांगते की मी तुमच्यातलीच, तिसऱ्या मजल्यावरची, पन्नाशीला आलेली बाई आहे.

माझं माहेर हिंगणी. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या अलीकडचं गाव. आता तिथं लोक वाघ पाहायला जातात. बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, देशातला सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्प म्हणून त्याचं नाव झालं. आमच्या लहानपणी वाघ पाहायला कोणी जात नसे, वाघ दिसू नये म्हणून लोक देवाला नारळ बोलत. दहावीनंतर मला पुढं शिकायचं होतं. त्यासाठी रोज सेलूला जावं लागणार होतं. एसटी तेव्हा होती, पण तिचा भरवसा नव्हता. बाबांनी त्या वर्षी कापसाच्या चुकाऱ्यातून मला लेडीज सायकल घेऊन दिली. घरात त्यावरून बरीच बोलाचाली झाली. पण सायकल आली आणि अकरावी-बारावी मी तिच्यावर केली. सेलूला जायचं, यायचं, मागच्या कॅरिअरला दप्तर, पुढच्या टोपलीत डबा. बारावी झाली, पुढच्या वर्षी लग्न झालं, सायकल धाकट्या भावाकडे गेली. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं मी सायकलला हात लावला नाही. कोणी मनाई केली नव्हती. फक्त बाईला सायकलचं काम पडत नाही असं सगळ्यांनीच धरलं होतं, त्यात मीही आले.

तीन वर्षांपूर्वी रक्ततपासणीत साखर काठावर निघाली. तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा ६.३. डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करायच्या आधी सहा महिने चालून बघा. चालण्यात माझा जीव रमेना. मुलाची जुनी गिअरची सायकल खाली स्टँडवर धूळ खात होती, ती पुसली. पहिल्या दिवशी कॉलनीला दोन चकरा मारल्या आणि मांड्या भरून आल्या. मग फुटाळा तलाव, मग अंबाझरी, मग रविवारी हिंगणा, मग बुटीबोरी. वर्षभराने रामटेकला जाऊन आले, जाऊन-येऊन शंभराच्या आसपास. त्या दिवशी गडमंदिराच्या पायऱ्या काही चढवल्या नाहीत, खालूनच हात जोडले. तिथंच भेटलेल्या एका सायकलवाल्या काकांनी ब्रेव्हेबद्दल सांगितलं. काका निवृत्त, साठी ओलांडलेले. ते म्हणाले, "वहिनी, डिसेंबरात दोनशेची आहे. हिंगणी-बोरकडून जाते."

हिंगणीचं नाव ऐकलं आणि मी पैसे भरून टाकले. घरी संध्याकाळी सांगितलं.

आता थोडा हिशोब सांगते, कारण आपल्याकडे मेंटेनन्सचा हिशोब आवडीने ऐकणारे बरेच आहेत. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरच्या आत. ऐकायला सोपं आहे. पण त्यात चहा, जेवण, पंक्चर, लघवीला थांबणं, सिग्नल, सगळं आलं. मी ताशी एकोणीसने चालवते. म्हणजे दोनशेला साडेदहा तास. उरतात तीन तास. हे तीन तास म्हणजे तुमची शिल्लक. ती कुठं खर्च करायची ते तुम्ही ठरवायचं. काकांचा उपदेश असा : "जोरात चालवू नका, कमी थांबा." शिवाय मध्ये मध्ये ठाणी असतात, त्यांना कंट्रोल म्हणतात. प्रत्येक कंट्रोलला बंद व्हायची वेळ असते. तिथं वेळेत पोहोचून आपल्या कार्डावर शिक्का घ्यायचा. एक जरी हुकला तरी स्वारी बाद. आपली गाडी मागे ठेवून चालणार नाही. वाटेत दुकानातून काहीही घ्या, कुणाचीही मदत मागा, पण घरच्या माणसांनी रस्त्यात डबा आणून द्यायचा नाही. हेल्मेट सक्तीचं, आणि अंधारात पुढे-मागे दिवा आणि अंगात चमकणारं जाकीट.

पहाटे सहाला वर्धा रोडवरून निघालो. तिसेक जण होतो, त्यात बायका चार. थंडी अशी की हातमोज्यातली बोटं ब्रेकवर वळेनात. उजाडलं तेव्हा आम्ही बुटीबोरीच्या अलीकडे. कारखान्यांच्या बस वाजवत जात होत्या. बुटीबोरीला उजवीकडे वळलं की रस्ता रुंद आणि सिमेंटचा, दोन्ही बाजूंना तूर आणि वेचणीला आलेला कापूस. वारा पाठीमागून होता. डिसेंबरात आपल्याकडे वारा उत्तर-पूर्वेकडून वाहतो, म्हणजे वर्ध्याकडे जाताना तो ढकलतो. सगळे खुशीत होते. काका मात्र म्हणाले, "हा वारा उधारीचा आहे. दुपारून व्याजासकट द्यावा लागेल."

साडेआठला केळझर. डोंगरावरच्या सिद्धिविनायकाला रस्त्यावरूनच नमस्कार केला. नऊ वाजता सेलू, चहा आणि दोन केळी. सेलूची केळी एकेकाळी लांबलांब जायची, बाबा नेहमी सांगायचे. तिथून उजवीकडे हिंगणीचा रस्ता लागला.

या रस्त्यावर मी दोन वर्षं रोज सायकल चालवली होती. वाटलं होतं एकेक झाड ओळखेन. काही ओळखलं नाही. रस्ता रुंद झालेला, झाडं बरीच गेलेली, रिसॉर्टच्या पाट्या लागलेल्या. ओळखीची निघाली ती एक गोष्ट. गणवेशातल्या सात-आठ मुली सायकलवर समोरून येत होत्या, दोन वेण्या, लाल रिबिनी, रस्ता अडवून गप्पा मारत. रविवार असून कसला तरी शाळेत कार्यक्रम असावा. आता सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. त्यांना पाहून मी घंटी वाजवली, त्यांनी आठही घंट्या वाजवल्या.

आणि पुढच्याच वळणावर मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा, चांगला इंचभर. ट्यूब बदलली, हातपंपाने हवा भरली, पंचवीस मिनिटं गेली. बोर धरणाच्या कंट्रोलला साडेदहाला पोहोचले. ते बंद होणार होतं दहा छप्पन्नला. शिक्का मारणारा मुलगा स्वतः ब्रेव्हे करणाराच होता, त्याने कार्डावर वेळ लिहून वर संत्रं दिलं. धरणाचं पाणी थंडीत निळंशार होतं. ते पाहायला थांबायची माझ्याकडे शिल्लक नव्हती.

परत फिरले आणि हिंगणीच्या शिवेवर पुन्हा तेच चाक बसलं. दुसरा काटा. जवळची एकुलती चांगली ट्यूब आता संपली होती. मी सायकल ढकलत गावात नेली. बसस्टँडजवळ एक सायकल दुरुस्तीचं दुकान, म्हणजे पत्र्याचं छप्पर, लोखंडी पेटी, पाण्याचं घमेलं आणि भिंतीला टांगलेले टायर. म्हातारे गृहस्थ बसले होते.

"का जी, पंक्चर का?"

"हाव जी. दोन ट्यूब आहेत. दोन्ही करून द्या. जरा लवकर."

"कुठं चालले?"

"सेवाग्रामला, मग नागपूरला."

"सायकलनं?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ट्यूब घमेल्यात बुडवली, बुडबुडा सापडला, पॉलिश पेपर घासला, सोल्युशन लावलं. दोन्ही ठिगळं बसवून त्यांनी पंप घेतला आणि तो माझ्या ट्यूबला लागेना. माझ्या सायकलला बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह आहे. "हे काय नवीनच हाय बाप्पा!" शेवटी माझ्याच हातपंपाने आम्ही आळीपाळीने हवा भरली. मधेच त्यांनी विचारलं, "कोणाच्या घरची तू?" मी बाबांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "तुया बाबानं तुले सायकल घेऊन देली तं गावात लय बोलले लोकं. माह्याच बापाच्या दुकानात हवा भरायचा तो." एवढं बोलून ते गप्प झाले आणि चाक बसवून दिलं. तीस रुपये घेतले. पन्नासची नोट दिली तर वीस परत केले. "चहा पाजला असता, पण तू घाईत हायेस. जा."

अकरा पस्तीस झाले होते. सेवाग्रामचं कंट्रोल एक चाळीसला बंद होणार होतं आणि मधे छत्तीस किलोमीटर. दोन तास पाच मिनिटं. इतका वेळ मी शिल्लक खात आले होते, आता मुद्दलावर बेतलं. मी कुठंही थांबले नाही. सेलू गेलं, पवनारला धाम नदीचा पूल गेला. पवनारवरून जाताना विनोबांची आठवण येणार नाही असा वर्धेकर नाही. १९५१ मध्ये ते इथून हैदराबादजवळच्या संमेलनाला पायी निघाले, त्यातून भूदान उभं राहिलं आणि पदयात्रा संपवून ते पवनारला परत आले ते १९६४ मध्ये. तेरा वर्षं पायी! माझे तेरा तास त्यापुढं काय, असं म्हणत मी पायडल मारत राहिले. वर्ध्यात बजाज चौकातल्या गर्दीत सात मिनिटं गेली. सेवाग्रामला आश्रमाच्या बाहेर शिक्का पडला तेव्हा वाजले होते दीड. दहा मिनिटं राखून.

तिथं मी पहिल्यांदा नीट बसले. बरोबर भाजी-पोळीची गुंडाळी होती आणि वर्ध्याचा गोरसपाक. सायकलवाल्यांचा एक नियम आहे, भूक लागायच्या आधी खायचं आणि तहान लागायच्या आधी प्यायचं. भूक लागल्यावर खाल्लेलं पायापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तोवर पाय संप पुकारतात. काकाही तिथंच होते. त्यांना पंक्चर झालं नव्हतं, ते मुद्दाम मागे रेंगाळले होते. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

एक पंचावन्नला निघालो. आता पंच्याऐंशी किलोमीटर आणि पाच तास पस्तीस मिनिटं. आणि समोरून वारा.

समोरचा वारा काय असतो ते सायकल चालवल्याशिवाय कळत नाही. चढ दिसतो, तो कुठं संपतो तेही दिसतं. वारा दिसत नाही आणि संपत नाही. एकोणीसचा वेग पंधरावर आला, मग चौदावर. दर किलोमीटरच्या दगडाला मी मनात भागाकार करत होते. उत्तर दरवेळी थोडं वाईट यायचं. पाठ दुखत होती, तळहात बधिर. सेलूच्या पुढं गेल्यावर मला प्रामाणिकपणे वाटलं की हे आज होत नाही. नागपूरची एसटी समोरून चालली होती, टपावर सायकल टाकायची सोय असती तर मी बसले असते.

केळझरला रस्त्याच्या कडेला एक मुलगा बसला होता. सकाळी आमच्याबरोबर निघालेला, कॉलेजातला, सगळ्यात पुढे गेलेल्यांतला. पोटरीत गोळे आले होते. बूट काढून पाय दाबत होता.

"काकू, तुम्ही जा. मी टेम्पो पकडतो."

माझ्याकडे वेळ किती ते मला ठाऊक होतं. बावन्न किलोमीटर, साडेतीन तास. थांबले तर माझंही जाईल. पण हिंगणीचे ते गृहस्थ दुकान टाकून माझ्यासाठी हवा भरत होते आणि काका माझ्यासाठी सेवाग्रामला रेंगाळले होते, हे काही तासांपूर्वीचंच होतं. मी सायकल उभी केली. लिंबू, मीठ, साखरेचं पाणी बाटलीत होतं, ते त्याला पाजलं. गूळ-शेंगदाणे दिले. काकांनी त्याच्या पायाची बोटं वर ओढून धरली. पंधरा मिनिटं गेली.

"उठ आता," मी म्हटलं. "माझ्या मागच्या चाकाच्या मागे ये. पुढं पाहू नको, फक्त माझं चाक पाहा."

इथून पुढं जे झालं ते मला मुद्दाम सांगायचं आहे. तिघं एका रांगेत चाललो. पुढचा वारा झेलतो, मागच्या दोघांना आडोसा मिळतो. मागच्याला खरंच बरंच कमी बळ लागतं, हे शास्त्र आहे, पक्षीही असेच रांगेत उडतात. पाच मिनिटं झाली की पुढचा बाजूला होऊन सगळ्यात मागे जातो, दुसरा पुढं येतो. आधी काका आणि मीच पुढं राहायचो. वीसेक किलोमीटरनंतर त्या मुलाचे पाय सुटले आणि तोही पाळी घेऊ लागला. मग त्याची पाळी आमच्यापेक्षा लांब होऊ लागली. एकटी होते तेव्हा चौदाने जात होते, आता तिघं मिळून सतराने जात होतो. वारा तोच होता. माझ्या मागे चिकटून आलेला मुलगा शेवटी मलाच ओढून आणत होता.

बुटीबोरीला अंधार पडला. दिवे लावले. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते, तेव्हा मात्र रांग सोडून काका मागे राहिले, म्हणजे त्यांचा तांबडा दिवा सगळ्यांत आधी दिसावा. नागपूरची हद्द लागली आणि सिग्नल सुरू झाले. प्रत्येक लाल दिव्याला तिघंही घड्याळ पाहायचो, बोलत कोणी नव्हतं. सात एकवीसला आम्ही कंट्रोलच्या टेबलापाशी पोहोचलो. नऊ मिनिटं उरली होती. आमच्यानंतर कोणी आलं नाही. शिक्का मारणाऱ्याने टाळ्या वाजवल्या, तेवढ्याच, आणि टेबल आवरायला घेतलं.

घरी आले तेव्हा मला जिने चढवेनात. लिफ्ट त्या दिवशी बंद होती, हे सचिवसाहेबांनी नोंदवून घ्यावं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला पाहिलं, दार उघडून खुर्ची टाकली आणि गरम वरणभात दिला. तिसऱ्या मजल्यावर पोहोचायला अर्धा तास लागला, आणि नियमाप्रमाणे तोवर स्वारी संपली होती, त्यामुळे शेजारची मदत चालते.

लोक विचारतात, याने काय मिळालं. साखरेचा आकडा ५.८ वर आला, गोळी लागली नाही. प्रत्येकाचं तसंच होईल असं मी म्हणत नाही, डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. एक पदक मिळालं, त्याचेही पैसे भरावे लागतात. आणि बाबांनी चुकाऱ्यातून घेतलेल्या सायकलचे पैसे वसूल झाले, असं मला वाटतं. ते असते तर म्हणाले असते, कापसाला भाव बरा होता त्या वर्षी.

आता मूळ मुद्दा. सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणजे काय, हे मला पंचवीस वर्षं सभासद असून नीट सांगता आलं नसतं. पाणी, लिफ्ट, पार्किंग आणि वर्गणी, एवढंच माझ्या डोक्यात. त्या दिवशी केळझर ते नागपूर मला ते कळलं. प्रत्येकाने आपापल्या पायांनीच यायचं असतं, कोणी कोणाची सायकल चालवत नाही. पण वारा आळीपाळीने झेलायचा असतो. आज जो मागे आहे तो उद्या पुढं येतो. आपल्याकडे सुरुवातीला जे तरुण होते, ज्यांनी बोअरवेलसाठी आणि नोंदणीसाठी कचेऱ्यांच्या चकरा मारल्या, ते आज सत्तरीला आहेत. आता पाळी बदलायची वेळ आहे. सभेला पंधरा माणसं येतात, ती तीस झाली पाहिजेत.

आणि दुसरी मागणी, ही मी लेखी अर्जही दिली आहे. तळमजल्यावरचा सायकल स्टँड काढून तिथं दोन चारचाक्या बसवायच्या, असा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढं आहे. पार्किंगची अडचण मला समजते, आमच्याकडेही गाडी आहे. पण त्या स्टँडवर आज अठरा सायकली आहेत, त्यातल्या अकरा मुलांच्या. स्टँड गेला की त्या सायकली बाल्कनीत जातील, तिथून भंगारात. मुलाची तशीच पडून राहिलेली सायकल मला तीन वर्षांपूर्वी सापडली, कारण ती खाली, हाताशी, स्टँडवर होती. पाचव्या मजल्यावर बाल्कनीत असती तर मी ती कधीच खाली आणली नसती. म्हणून विनंती आहे की सभेत हात वर करण्याआधी एकदा खाली जाऊन त्या अठरा सायकली बघा. त्यातल्या काहींना हवाही नाही. हवा भरून द्यायची जबाबदारी माझी, फ्रेंच व्हॉल्व्हचा पंपही आहे.

पुढच्या रविवारपासून सकाळी सहाला गेटवर मी उभी असेन. दहा किलोमीटर, अंबाझरीपर्यंत आणि परत. वेळेचं बंधन नाही, नंबर नाही. साडी, पंजाबी ड्रेस, ट्रॅकसूट, काहीही चालेल. ज्यांनी लग्नानंतर सायकल सोडली त्या मैत्रिणींनी आधी यावं. सायकल विसरत नाही, हे मी खात्रीने सांगते. पहिल्या रविवारी हँडल थोडं डगमगतं, त्यासाठी मी शेजारून चालेन.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.